सावलीत आणि सतत पायाखाली असलेल्या लॉनच्या जागी काय लावावं?

प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या झाडाखाली लॉन आहे. दिवसाचा बराच वेळ तिथे सावली असते. दारापासून फाटकापर्यंतची सगळी ये-जा, मुलांचा खेळ आणि कुत्र्याची धावपळ त्याच जागेवरून होते. गवत पुन्हा पुन्हा लावलं, पण काही महिन्यांत उघडी माती दिसू लागते. म्हणून आता गवताऐवजी सावलीत वाढणारं आणि तुडवलं तरी टिकणारं एखादं ग्राउंड कव्हर, म्हणजे जमीन झाकणारं बुटकं रोप, सुचवा.

आधी सरळ सांगतो. दाट सावलीत रोजची भरपूर वर्दळ सोसणारी वनस्पती नाही. रोपवाटिकेत कोणी तशी खात्री दिली तरी विश्वास ठेवू नका. सावली सोसणारी रोपं भरपूर आहेत आणि पाय सोसणारं गवतही आहे, पण हे दोन्ही गुण पूर्ण ताकदीनं एकाच रोपात मिळत नाहीत. त्यामुळे ‘कोणतं रोप लावू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी पाय कुठे पडतात आणि कुठे पडत नाहीत ते ठरवा. पाय पडतात तिथे वाट करा, पडत नाहीत तिथे रोपं लावा. मी करून दिलेल्या सावलीतल्या बागांपैकी ज्या वर्षानुवर्षं चांगल्या राहिल्या, त्या सगळ्यांत हीच विभागणी होती.

यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. वनस्पतीसाठी ऊन म्हणजे रोजची मिळकत आणि तुडवलं जाणं म्हणजे अचानक येणारा खर्च. उन्हातल्या हरळीची पानं चुरगळली तर ती मुळांत आणि धावत्या खोडांत साठवलेल्या अन्नावर चार दिवसांत नवी पानं काढते. सावलीतल्या गवताकडे ही शिल्लकच नसते. उजेडाच्या शोधात त्याची पानं लांब, पातळ आणि लुसलुशीत होतात, फुटवे कमी येतात, मुळं वरच्या वर राहतात. असं पान एका पावलातही मोडतं आणि मोडल्यावर भरून येत नाही. शिवाय सावलीत दव उशिरा सुकतं, हवा कमी खेळते, म्हणून बुरशीचे रोगही जास्त येतात.

झाडाची सावली आणि भिंतीची सावली यांत मोठा फरक आहे. भिंत सगळा प्रकाश सारखाच अडवते. झाडाची पानं मात्र प्रकाशातला लाल आणि निळा भाग स्वतःसाठी वापरतात, आणि खालच्या रोपांना नेमका तोच भाग हवा असतो. खाली उतरणारा प्रकाश कमी तर असतोच, शिवाय हलक्या प्रतीचा असतो. दाट पानांच्या झाडाखाली भर दुपारीसुद्धा मोकळ्या उन्हाच्या दहाव्या हिश्शाहून कमी प्रकाश पोचू शकतो. त्यात भर मुळांच्या स्पर्धेची. झाडाची मुळं खूप खोल जातात असा समज आहे, पण पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटरच्या थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच लांब पसरतात. तुम्ही गवतासाठी घातलेलं पाणी आणि खत आधी झाडच घेतं. त्यामुळे भिंतीच्या सावलीत जे रोप छान वाढलं, ते झाडाखालीही वाढेलच असं समजू नका.

आता पायांचं बघू. पाय पानांपेक्षा मातीचं नुकसान जास्त करतात. चांगल्या मातीचा साधारण निम्मा भाग पोकळ्यांचा असतो, त्यांत काही ठिकाणी पाणी, काही ठिकाणी हवा. रोज तुडवलेल्या जागी वरचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर दबतो आणि आधी मोठ्या पोकळ्या, म्हणजे हवेच्या जागा, नाहीशा होतात. मुळांना श्वास घेता येत नाही, पाणी मुरत नाही, वरच्या वर साचतं. ओल्या मातीवर चाललं की हे सर्वांत लवकर होतं, आणि सावलीतली माती उशिरा सुकत असल्यानं ती बराच काळ ओली असते. दबलेल्या मातीत तुम्ही गवत लावा नाहीतर महागडं ग्राउंड कव्हर, दोघांची गत एकच होते.

पायाखाली गवत इतर रोपांपेक्षा चांगलं का टिकतं, याचंही एक कारण आहे. गवताच्या पात्याची वाढ बुडाशी होते आणि वाढीचा कोंब मातीलगत असतो. शेंडा तुटला तरी खालून पातं वर येतं. बहुतेक पसरणाऱ्या वेलींची वाढ मात्र टोकाशी होते आणि त्यांचे देठ रसाळ असतात. टाचेखाली देठ चिरडला की त्यापुढचा सगळा भाग वाळतो. म्हणूनच ‘गवत टिकत नाही, मग वेल लावू’ हा विचार वर्दळीच्या जागी उलटा पडतो. गवत जिथे मेलं, तिथे वेल त्याहून लवकर मरते.

काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, ऊन. एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला जाऊन कुठे थेट ऊन आहे, कुठे पानांतून गाळलेलं आहे आणि कुठे अजिबात नाही, हे कागदावर काढलेल्या नकाशात नोंदवा. वर्षाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा बघा, कारण सूर्य सरकतो आणि सावलीही सरकते. ज्या भागाला ४ तासांहून कमी थेट ऊन मिळतं आणि उरलेला वेळही दाट सावली असते, तिथे गवताचा नाद सोडा. दुसरी, माती. ओलसर मातीत लांब स्क्रू ड्रायव्हर हातानं दाबा. तो १० ते १५ सेंटिमीटर सहज गेला नाही तर माती दबलेली आहे, किंवा खाली मुळं आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पावलं. घरातली माणसं खरंच कुठून चालतात ते आठवडाभर नुसतं पाहा. उघडी पडलेली माती तुम्हाला आखीव नकाशाच दाखवत असते. बहुतेक ठिकाणी दिसेल की सगळी जागा तुडवली जात नाही. एक-दोन पट्टे आणि वळणाचा एखादा कोपरा, एवढंच खरं वर्दळीचं असतं.

तो पट्टा हीच तुमची वाट. ती तिथेच करा, तुम्हाला दिसायला जिथे छान वाटेल तिथे नको. माणूस जवळचा रस्ता सोडत नाही. नागमोडी वाट आखली तर लोक वळणं कापून रोपांतून जातील आणि मग तुम्ही घरच्यांवर चिडत राहाल. एका माणसासाठी ६० ते ७५ सेंटिमीटर रुंदी पुरते, दोघं शेजारी-शेजारी चालणार असतील तर १२० लागते. दारासमोर, फाटकाशी आणि वळणावर वाट थोडी मोठी ठेवा, कारण तिथे माणूस थांबतो, वळतो, आणि झीज सर्वांत जास्त तिथेच होते.

झाडाखाली वाट करताना मी सलग काँक्रीट घालायला ठाम विरोध करतो. त्यासाठी खोदावं लागतं, मुळं तुटतात आणि पाणी व हवा अडते. सुट्ट्या फरश्या, खडी किंवा लाकडाच्या कपच्या, यांतलं काहीतरी निवडा. फरश्या ४० ते ४५ सेंटिमीटरच्या तरी असाव्यात आणि एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण ६० सेंटिमीटर अंतर ठेवावं, पण घरातल्या माणसांना त्यावरून नेहमीच्या चालीनं चालायला लावून मगच जागा पक्क्या करा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर हे अंतर कमी ठेवा. खाली जाडसर वाळूचा ५ सेंटिमीटरचा थर पुरतो. मूळ आड आलं तर फरशी सरकवा, मूळ तोडू नका. पृष्ठभाग खडबडीतच घ्या. सावलीत दगडावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत फरशी ओली असताना धोकादायक होते. फरशीची वरची बाजू मातीच्या जवळपास सपाटीत ठेवा, म्हणजे पाय अडखळणार नाही.

मुलं खेळतात त्या जागेसाठी माझं मत स्पष्ट आहे: तिथे लाकडाच्या कपच्यांचा ७ ते १० सेंटिमीटर जाड थर द्या आणि हिरवाईचा आग्रह सोडा. कपच्यांमुळे पावलांचा दाब पसरतो, ओल टिकते, हळूहळू कुजून माती सुधारते आणि झाड या बदलानं लॉनपेक्षा जास्त सुखी होतं. खोडाभोवती मात्र १५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. खोडाला टेकवून ढीग केला तर साल ओली राहून कुजते. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका. कपच्या कुजून दबतात, म्हणून दरवर्षी थोडी भर घालावी लागते. कुत्रा असेल तर कोकोच्या (चॉकलेट ज्यापासून करतात त्या बियांच्या, नारळाच्या नव्हे) टरफलांचं आच्छादन टाळा, ते कुत्र्यांना विषारी असतं. कुत्रा कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारत असेल तर तो पट्टाही कपच्यांचाच ठेवा. त्याला तिथून हटवणं जमत नाही, आणि हटवायची गरजही नाही.

एवढं झाल्यावर उरलेल्या जागेचा प्रश्न निम्म्याहून सोपा होतो. आता उजेड थोडा वाढवता येईल का ते बघा. खालच्या फांद्या काढून छत्र जमिनीपासून २ ते ३ मीटर वर नेलं की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येतं, आणि आतल्या दाटीतल्या काही फांद्या विरळ केल्या की दुपारचंही थोडं उतरतं. एका वर्षात जिवंत पालवीचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग काढू नका, आणि जाड फांद्यांचं काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. शेंडा छाटणं हा उपाय नव्हे. छाटलेल्या जागी कमकुवत फुटव्यांचं जंगल होतं आणि सावली आणखी दाट होते.

मग माती. झाडाखाली कुदळ किंवा मशीन चालवून सगळी जमीन उकरणं हा झाडावर घाव आहे. ज्या बारीक मुळांवर झाड जगतं तीच त्यात तुटतात, आणि झाडाची घसरण दोन-चार वर्षांनी दिसते तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी मातीचे छोटे गाभे बाहेर काढणारं पोकळ दातांचं अवजार वापरा: ५ ते ८ सेंटिमीटर खोल भोकं, जाड मुळं टाळून. माती ओलसर असताना करा, चिखल असताना नको. वर बारीक चाळलेलं कंपोस्ट अर्धा ते एक सेंटिमीटर पसरा आणि भोकांत जाऊ द्या. मुळं दिसतात म्हणून वर मातीची भर टाकायचा मोह फार होतो. जाड भर घातली की खालची मुळं गुदमरतात. खोड जिथे जमिनीशी रुंदावतं तो भाग नेहमी उघडा दिसला पाहिजे.

आता रोपं. हवामान सांगितलेलं नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

फरश्यांच्या फटींत आणि वाटेच्या कडेला, जिथे कधीमधी पाय पडेल, तिथे उष्ण आणि मध्यम हवामानात माझी पहिली पसंती बुटक्या मोंडो गवताला. हे खरं गवत नाही, पण दिसतं गवतासारखं. उंची ५ ते १० सेंटिमीटर, रंग गर्द हिरवा, कापणी नको, दाट सावली चालते. वाढीचा कोंब बुडाशी असल्यानं अधूनमधून पडलेलं पाऊल ते सोसतं. दोष एकच, ते फार सावकाश पसरतं. ७ ते १० सेंटिमीटरवर लावलं तरी जमीन पूर्ण झाकायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. ज्यांना ही वाट पाहणं जमतं त्यांनी हेच लावावं. डायकोंड्रा ही छोट्या गोल पानांची, जमिनीला चिकटून वाढणारी वेल लवकर पसरते, पण तिला थोडं गाळलेलं ऊन आणि सतत ओल लागते. ओल धरणाऱ्या अर्धसावलीत मंडूकपर्णीही सुंदर पसरते. थंड हवामानात माझस, आणि ओलसर जागी सॅजिना, ही जमिनीलगत पसरणारी रोपं फटींसाठी चांगली. रांगता थाइम या कामासाठी सर्रास सुचवला जातो, पण तो उन्हाचा आहे. सावलीत तो विरळ होतो आणि मधून वाळतो.

पाय पडतच नाहीत अशा सावलीत निवड मोठी आहे. उंच मोंडो गवत, लिरिओपी, क्लोरोफायटम, नेचे, सेलॅजिनेला. थंड प्रदेशात अजुगा आणि पॅकिसँड्रा. अजुगा दमट, कोंदट जागी बुडातून कुजतो, तिथे हवा खेळती हवी. थोडं ऊन येत असेल तर पिवळ्या फुलांची पिंटो पीनट ही शेंगवर्गीय वेल उत्तम: मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवते आणि हलका पायही सोसते. पण घट्ट सावलीत तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

मॉसकडे, म्हणजे ओलसर जमिनीवरच्या मखमली हिरव्या शेवाळाकडे, लोक तण म्हणून बघतात याचं मला वाईट वाटतं. सतत ओलसर, आम्लधर्मी, सावलीच्या जागी मॉस आपणहून आलं असेल तर ते उपटून तिथे गवत लावण्यापेक्षा मॉसच वाढू द्या. त्याला खरी मुळं नसतात, म्हणून दबलेली माती चालते. पाचोळा हलक्या हातानं काढत राहायचा, एवढंच त्याचं मागणं. रोजची वर्दळ मात्र तेही सोसत नाही.

काही रोपं मी सुचवत नाही. वेडेलिया झपाट्यानं पसरते म्हणून लोकप्रिय आहे, पण जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. बागेबाहेर पडली की ती स्थानिक झाडोरा गिळते. इंग्लिश आयव्ही, व्हिंका आणि काही ट्रॅडेस्कॅन्शियाही अनेक प्रदेशांत अशाच डोईजड झाल्या आहेत, तेव्हा तुमच्या भागात काय स्थिती आहे ते विचारूनच लावा. मनीप्लांट आणि सिंगोनियम सावलीत झकास वाढतात, पण त्यांच्या पानांत तोंडाची आग करणारे स्फटिक असतात. लहान मूल किंवा कुत्रा चघळायची शक्यता असेल तिथे ते जमिनीवर नकोत.

आणि तरीही थोडं गवत हवंच असेल, तर ते सर्वांत उजेडाच्या भागात ठेवा आणि जात सावलीची निवडा. हरळी वर्दळीत सर्वांत चिवट, पण सावलीत सर्वांत आधी हार मानते. उष्ण हवामानात सेंट ऑगस्टीन किंवा रुंद पानांचं कार्पेट ग्रास सावली बऱ्यापैकी सोसतात, वर्दळ मध्यमच. झॉयसिया चिवट आहे, पण एकदा झिजली की भरून यायला फार वेळ घेते. थंड हवामानात बारीक पानांचे फेस्क्यू सावलीत चांगले आणि पायाखाली कच्चे. पोआ सुपायना हे गवत सावली आणि वर्दळ दोन्ही बऱ्यापैकी पेलतं, पण त्याला थंडी आणि भरपूर पाणी लागतं. कोणतंही असो, सावलीत गवत उंच ठेवा, साधारण ७ ते १० सेंटिमीटर, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. जास्त पान म्हणजे जास्त प्रकाश गोळा करणं. नत्रयुक्त खत उन्हातल्या लॉनच्या निम्मंच द्या. जास्त दिलं तर पानं आणखी लुसलुशीत होतात आणि रोग बोलावतात.

लागवड करताना मोठ्या कुंडीतली रोपं घेऊ नका. मोठं रोप म्हणजे मोठा खड्डा आणि तितकी मुळं तुटणार. लहान ट्रेमधली रोपं घ्या, खुरप्यानं मुळांमधल्या जागेत मुठीएवढे खड्डे करा, थोडं कंपोस्ट घालून लावा आणि मधल्या उघड्या मातीवर बारीक पाचोळ्याचा पातळ थर द्या. पहिले दोन-तीन महिने पाण्याकडे बारकाईनं लक्ष ठेवा. पाऊस पडला म्हणून निश्चिंत होऊ नका, दाट छत्राखाली हलका पाऊस मातीपर्यंत पोचतच नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा आणि कोरडं लागलं तर पाणी द्या, शक्यतो सकाळी.

लावलेल्या भागाला खुंट्या आणि दोरी बांधून सगळ्यांना बाहेर ठेवा, कुत्र्यालासुद्धा. दोरी कधी काढायची याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नका. रोप बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढा. ते मातीला घट्ट धरून बसलं असेल आणि शेजारच्या रोपाला टेकलं असेल, तर दोरी सोडा. पहिल्या वर्षी मधल्या फटींत तण येईल, ते लहान असतानाच हातानं काढा, कारण तणनाशक झाडाच्या मुळांनाही लागू शकतं. पानगळीच्या दिवसांत पडलेला पाचोळा रोपांवर जाड साचू देऊ नका. नव्या, बुटक्या रोपांना तो पंधरा दिवसांतही कुजवू शकतो. मऊ दातांच्या दाताळ्यानं तो ओढून वाटेवरच्या कपच्यांत टाका, तिथे तो कामाला येतो.